रीतसर माणूस

आमच्या सरांनी एकदा कॉलेजच्या व्हरांड्यात शिरलेल्या गाईला, "आपण कृपया बाहेर चलावं," असं सांगितलं, ही गोष्ट कळंबमध्ये अजूनही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. त्या दिवशी मी तिथं होते, म्हणून खरं काय ते सांगू शकते. सर 'कृपया' म्हणाले नव्हते. 'आपण' मात्र म्हणाले होते. आणि गाय गेली होती.

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. गावानं त्यांना 'फॉर्मल सर' असं नाव ठेवलं होतं आणि ते नाव त्यांना ठाऊक होतं. मे महिन्यात अडत बाजारातली माणसं बनियनवर बसून वारा घालून घेत असायची, तेव्हाही सर पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, काळे बूट आणि गळ्यात तपकिरी टाय अशा थाटात भाजी घ्यायला यायचे. भाजीवाल्या मावशीला म्हणायचे, "आपली मेथी आज उत्तम दिसते." ही मावशी बाकीच्या गिऱ्हाइकांवर खेकसायची. सरांना मात्र पदर सावरून, जुडीची माती झटकून द्यायची. "ह्यो एकच मानूस मला 'आपण' म्हनतो," ती आम्हाला सांगायची. "आमच्या मालकानं आजपातूर 'अगं' बी म्हनलं न्हाय. नुसतं 'ए'."

पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या मातीचा गोळा बुटाला असा बसतो की माणूस वीतभर उंच होतो. सर वर्गाबाहेर उभे राहून काटकीनं तो गोळा खरडायचे. दोन्ही बूट मनासारखे झाले की काटकी होती तिथं परत ठेवायचे आणि दारात उभे राहून विचारायचे, "मी आत येऊ का?"

पहिल्या दिवशी आम्हाला हे माहीत नव्हतं. सर दारात, आम्ही आत. आम्हाला वाटलं, सर आमची फिरकी घेत आहेत. बराच वेळ असा गेल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, या की आत. तुमचंच हाय समदं."

"धन्यवाद," सर आत येत म्हणाले. "पण ते आपलंही आहे, म्हणून विचारलं."

आम्ही बहुतेक आसपासच्या खेड्यांतून येणारी पोरं होतो. एसटी चुकली की जीप, जीप भरली की तिच्या मागच्या पायरीवर. आमच्या घरात आमच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आम्हाला 'आपण' म्हणणारा माणूस आमच्या माहितीत फक्त निवडणुकीच्या आधी यायचा. त्यामुळं पहिल्या महिन्यात आमची समजूत अशी की या माणसाला आमच्याकडून काहीतरी हवं आहे.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे हजेरीला पूर्ण वाक्य.

सरांची हजेरी हा एक सोहळा असायचा. कुमार अमुक, कुमारी तमुक असं प्रत्येकाचं पूर्ण नाव ते घ्यायचे, मधे येणाऱ्या बापाच्या नावासकट, आणि प्रत्येक अक्षर असं धुऊन पुसून की आपलंच नाव नवं वाटावं. ज्याचं नाव आलं त्यानं उभं राहायचं आणि म्हणायचं, "मी उपस्थित आहे, सर." 'यस सर' चालायचं नाही. हात वर केलेला चालायचा नाही. एकानं हात वर केला तर सर म्हणाले, "आपला हात उपस्थित आहे हे दिसलं. आपण आहात का?"

मी पहिल्या बाकावर बसायचे आणि रोज गैरहजर असायचे. नाव आलं की माझी मान खाली जायची आणि तोंडातून फार तर 'हूं' निघायचं. आमच्याकडं पोरीनं चार माणसांत बोलायचं नसतं. मान खाली घातली की 'आहे', 'चालेल', 'बरं', 'होय' ही सगळी उत्तरं दिल्यासारखी होतात. सर माझ्याकडं बघायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढच्या नावावर जायचे.

शेवटी मी तास संपल्यावर धीर करून गेले. "सर, मी रोज येते. समोरच बसते."

"मला दिसता आपण," सर म्हणाले. "पण मौनाची हजेरी मला लावता येत नाही. मौनाचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीनं लावतो. आपल्याला ते चालेल का?"

दुसऱ्या दिवशी मी उठले आणि बोलले. आवाज चिरका निघाला. मागं कुणीतरी हसलं. पण पोरांनी भरलेल्या खोलीत माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो काही इतका वाईट नव्हता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी अप्पांना म्हणाले, "अप्पा, तुमचं नाव रोज कॉलेजात घेतात."

अप्पा म्हणजे माझे वडील. ढोकीच्या बाजूला आमचं गाव. अप्पा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. हंगामात कारखान्याला ऊस ओढायचे आणि एरवी पडेल ते काम करायचे. ते हातपाय धूत होते, ते दचकलेच.

"माजं? का? काय केलं म्या?"

"काही नाही हो. हजेरीत. माझ्या नावाच्या मधी."

"असं व्हय." तांब्या खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कसं घेत्यात?"

मी सरांसारखं सगळं नाव म्हणून दाखवलं. गावात अप्पांना सगळे 'ए डायवर' म्हणायचे. लहान पोरंसुद्धा 'डायवर आला' असंच ओरडायची. अप्पा पायावर पाणी घ्यायचं विसरून उभे राहिले.

"परत म्हन," ते म्हणाले.

सरांच्या खुळाच्या गोष्टी सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात ते दारावर टकटक करून जायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हा पोरींसमोर कपाळावर हात मारून घ्यायच्या. "आत मी एकटी, भाकरी थापायले, आन् ह्यांचं आपलं बाहेरून 'येऊ का?' एक दिवस म्हनलं, नका येऊ. तर खरंच न्हाय आले! तासभर उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले." पण काकूही पोचलेल्या होत्या. सरांचं हत्यार त्यांच्यावरच चालवायच्या. "आपण भांडी घासणार का?" असं अत्यंत आदरानं विचारायच्या. इतक्या रीतीनं विचारलेल्याला नाही म्हणणं सरांना जमायचं नाही. टाय खांद्यावरून मागं टाकून ते मोरीत बसायचे.

सर मूळचे लोहाऱ्याच्या बाजूचे, घरात कानडी बोलणारे. एकदा कॉलेजच्या फाटकातच त्यांची स्कूटर घसरली आणि सर टायसकट चिखलात बसले. त्या वेळी त्यांच्या तोंडून एक कानडी शब्द निघाला. आम्ही तो नीट लक्षात ठेवला आणि सीमेकडच्या एका पोराला गाठून त्याचा अर्थ विचारला. तो आधी लाजला. मग म्हणाला, "शिवीच हाय. पन शेवटी 'री' लावल्यात. 'री' म्हंजी अहो-जाहो."

आता आमचा जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर पोरं सकाळी फुलं पाठवतात. सर प्रत्येक फुलाला वेगळं उत्तर लिहितात : 'आपला सुप्रभात संदेश मिळाला. आभारी आहे. कळावे.' एकदा मीटिंगची वेळ ठरवताना कुणीतरी नुसता अंगठा पाठवला. सरांचं लगेच आलं, 'अंगठ्याचा अर्थ कळला नाही. होकार असल्यास तसे शब्दांत कळवावे.' आमच्या गावी अजून कितीतरी म्हातारी माणसं अंगठाच लावतात. इथं तर डिग्रीवाल्याचा अंगठाही सरांनी नाकारला.

एका गोष्टीवर मात्र सर चिडायचे. कुणी 'नुसती फॉर्मॅलिटी' म्हटलं की त्यांचा कान लाल व्हायचा. आधी डावा.

दुसऱ्या वर्षी पत्रलेखन शिकवताना त्यांनी फळ्यावर 'फॉर्मल' एवढंच लिहिलं आणि विचारलं, "याला आपल्याकडं काय म्हणाल?"

"इन केलेला शर्ट," एक जण म्हणाला.

"बूट!"

"कडक इस्त्री!"

"औपचारिक," पुस्तकात बघून पहिल्या नंबरची पोरगी म्हणाली.

"शास्त्रापुरतं, सर," मागच्या बाकावरचा तोच पोरगा म्हणाला. "म्हंजी करायचं म्हनून करायचं. आतनं काय नसतंय."

"नावापुरतं."

"खोटं खोटं."

सरांचा डावा कान रंगायला लागला होता. ते म्हणाले, "औपचारिक हा शब्द उपचारावरून आला. उपचार म्हणजे सेवा. देवाला सोळा उपचार करता. पाय धुता, आसन देता, विचारपूस करता. तिथं कुणी म्हणत नाही की देवा, आपल्या घरचंच आहे, बस कुठंही. मग माणसाच्या वेळीच का जड जातं? बाहेरचे टपरीवाले चाचा मला म्हणतात, सर, तुम्ही लई तकल्लुफ करता. मी त्यांना विचारलं, तकल्लुफ म्हणजे काय? ते म्हणाले, तसदी घेणं. बरोबर आहे. दुसऱ्यासाठी थोडी तसदी घ्यायची, एवढंच आहे ते."

मी तोपर्यंत न विचारता बोलायला शिकले होते. "सर, रीतसर म्हटलं तर?"

सर थांबले. खडू ठेवला. हात झटकले आणि मला, खरंच सांगते, किंचित वाकून म्हणाले, "आभारी आहे." मग फळ्यावर 'फॉर्मल'च्या पुढं 'रीतसर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि आमच्याकडं वळून जे बोलले ते मी आजपर्यंत विसरले नाही.

"ज्याची ओळख असते, ज्याचा मामा साहेब असतो, त्याचं काम रीतीशिवाय होतं. त्याला फॉर्मॅलिटीचा कंटाळा येणारच. ज्याची कुठंच ओळख नाही, त्याच्याजवळ रीत एवढीच वस्तू असते. तेव्हा आपण तिला हसू नका. आपल्यापैकी कुणाचे मामा साहेब आहेत?"

कुणाचेच नव्हते. एकाचे मामा एसटीत कंडक्टर होते, पण त्यानं हात वर केला नाही.

तिसऱ्या वर्षी मला स्थळ आलं. मुलगा पुण्याला कंपनीत, घरी जमीन, माणसं चांगली. वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं आणि हीच अडचण होती. मला पुढं एम. ए. करायचं होतं, बी. एड. करायचं होतं, शिकवायचं होतं. पण हे मी कुणालाच बोलले नव्हते. बोलणार कुणाला? आमच्या घरातले निर्णय तात्या घ्यायचे. तात्या म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. त्यांचा आवाजच असा होता की त्यांनी विचारलेला प्रश्नसुद्धा हुकूम वाटायचा. आईनं एकदा चुलीपाशी हळूच म्हटलं, "पोरीला इचारायचं का एकदा?" तात्या पाटावरूनच म्हणाले, "तिला काय इचारायचं? खाली मान घालून बसली व्हती पोरगं बगायला आलं तवा. झालं की."

मुलाकडून पसंती आली. बैठकीचा दिवस ठरला. आमच्याकडं बैठकीला दोन्हीकडची वजनदार माणसं जमतात, बोलणी होतात आणि शेवटी अडकित्त्यानं सुपारी फोडतात. सुपारी फुटली की लग्न ठरलं. मग माघार घेतली तर दोन घरांची बोलचाल पिढ्यान्पिढ्या बंद.

वजनदार माणूस म्हणून तात्यांनी गावच्या विकास सोसायटीचे दोन-तीन लोक बोलावले. अप्पांनी मात्र पांढरा सदरा घातला, एसटी धरली आणि न सांगता कळंबला जाऊन सरांना आमंत्रण दिलं. मला ते सरांकडून पुष्कळ नंतर कळलं. सरांनी त्यांना विचारलं होतं, "मला आपण कोणत्या नात्यानं बोलावता?" अप्पा म्हणाले होते, "नात्यानं न्हाय सर. माज्या बाजूनं बोलनारं कुनी नसतंय. तुमी बसा नुसतं."

बैठकीच्या दिवशी सर आले. टाय, बूट, सगळं. सतरंजीवर बसायची वेळ आली तेव्हा त्यांनी बूट काढून दाराशी एका रेषेत ठेवले आणि पाहुण्यांच्याही चपला जोडीजोडीनं लावून टाकल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. आत पुरणाचा वास सुटला होता. चुलत्या, मावश्या सगळ्या दाराशी दाटल्या होत्या. सरांना काही सांगावं असं मनात आलं, पण सांगणार कसं? बाहेर वीसेक पुरुष बसलेले. आणि सांगून तरी ते काय करणार होते?

बोलणी सुरळीत झाली. मुलाचे आजोबा गुलाबी फेटा बांधून तक्क्याला टेकले होते. त्यांचा डोळा लागत होता. तात्यांनी तबकातली सुपारी उचलली, अडकित्ता उघडला.

"मग फोडायची का?"

सरांनी हात वर केला. "अध्यक्षांची अनुमती असेल तर मला काही बोलायचं आहे."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. "अध्यक्ष कोन हाय?" सोसायटीचा एक जण म्हणाला.

"सभेला अध्यक्ष नाही?" सरांना खरंच वाईट वाटलं. "मग मी मुलाच्या आजोबांचं नाव सुचवतो. ते ज्येष्ठ आहेत. अनुमोदन?"

मग कोपऱ्यातून अप्पांचा आवाज आला. "दिलं."

आजोबा खडबडून जागे झाले. आपण कशाचे तरी अध्यक्ष झालो आहोत एवढं त्यांना कळलं. त्यांनी फेटा सारखा केला, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "बोला."

"दोन्ही पक्षांची संमती विचारायची राहिली आहे," सर म्हणाले.

"आवो सर," तात्या हसले, "ती नुसती फॉर्मॅलिटी हाय."

दाराआड मी डोळे मिटले. मनात म्हटलं, तात्या, गेलात तुम्ही.

सरांचा डावा कान लाल झाला. पण आवाज तोच. "आहेच. म्हणूनच करून टाकू. अध्यक्ष महोदय?"

"करा की," आजोबा म्हणाले. त्यांना अध्यक्षपद चांगलंच मानवलं होतं. "रीत हाय तर हाय."

आधी मुलाला विचारलं. सरांनी त्याचं पूर्ण नाव घेतलं. तो भिंतीला टेकून मोबाइल बघत होता, तो ताडकन उभाच राहिला. "आपल्याला हा विवाह मान्य आहे का?"

"हो सर," तो म्हणाला. 'सर' म्हटल्यामुळं सगळे हसले. तोही हसला. पोरगा खरंच चांगला होता.

मग मला बोलावलं. मी बाहेर येऊन सतरंजीच्या कडेला बसले. नेहमीसारखी मान खाली गेली. दारातून मावशीचा आवाज आला, "लाजली, लाजली!" बायका हसल्या. तात्यांनी अडकित्ता पुन्हा उचलला. "बगा. घातली का न्हाय खाली मान? झाला होकार."

"अध्यक्ष महोदय," सर म्हणाले, "मौनाची हजेरी लावता येत नाही."

आणि त्यांनी माझं नाव घेतलं. हजेरीच्या आवाजात. कुमारी, मग माझं नाव, मग मधे अप्पांचं नाव, एकेक अक्षर धुऊन पुसून, मग आडनाव.

पुढं जे झालं त्यात माझं काही शौर्य नाही. तीन वर्षांची सवय होती. माझे पाय आपोआप उठले, मान वर झाली आणि खणखणीत आवाजात मी म्हणाले, "मी उपस्थित आहे, सर."

अख्खी बैठक हसायला लागली. आजोबा तर मांडी थोपटत होते. सर मात्र हसले नाहीत. "उपस्थिती कळली. आता प्रश्न. आपल्याला हा विवाह मान्य आहे का?"

घरच्या बोलीत 'मला न्हाय करायचं' म्हणाले असते तर ते उलट बोलणं झालं असतं, आणि तात्यांचा हात माझ्यापासून फार लांब नव्हता. पण मी उभी होते, नाव पूर्ण घेतलेलं होतं, अध्यक्ष समोर होते. तोंडातून वाक्यं निघाली ती सरांच्या वर्गातली निघाली.

"मला हा विवाह सध्या मान्य नाही. मला पुढं शिकायचं आहे. स्थळाबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही."

आतून चुलीवरची पोळी करपल्याचा वास बाहेर आला.

मग तात्या उठले. "हिला कुनी पढवलं हे?"

"मी," सर म्हणाले. "तीन वर्षं. पण फक्त इंग्रजी."

"आमची इज्जत गेली न्हवं!"

"सुपारी कुठं आहे?" सरांनी विचारलं. तात्यांनी मुठीत बघितलं. सुपारी अख्खी होती. "फुटल्यावर नकार आला असता तर गेली असती. रीतसर काही ठरलेलंच नव्हतं, त्यामुळं रीतसर काही मोडलेलंही नाही. दोन्ही घरांचा मान जसा होता तसा आहे. अध्यक्षांनी निर्णय द्यावा."

सगळे आजोबांकडं बघायला लागले. आजोबा माझ्याकडं बघत होते. "पोरी, आमचं कायी चुकलं का?"

"नाही, आजोबा."

"आमचं पोरगं वंगाळ हाय का?"

"नाही, आजोबा."

"मग बराबर हाय मास्तरांचं. काय मोडलं न्हाय." मग नातवाकडं वळून म्हणाले, "तुला बी कुनी इचारलंच नसतं, लेका. आज इचारलं तरी."

पाहुणे तरीही चपलांकडं बघायला लागले. न जेवता उठले असते तर सगळंच फिसकटलं असतं. सर शांतपणे म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सभेपुढचा पुढचा विषय भोजन आहे. ते आधीच ठरलेलं होतं."

आजोबांनी ते ताबडतोब मंजूर केलं. अध्यक्ष या नात्यानं त्यांनी तूप दोनदा मागून घेतलं. अप्पा वाढत होते. सगळ्यांना आग्रह करत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी अप्पांनी सरांना मोटरसायकलवर ढोकीच्या स्टँडवर सोडलं. सर सांगतात, अप्पा एसटी लागल्यावर एवढंच म्हणाले, "सर, तुमी माजं नाव लई चांगलं घेता."

घरात मात्र ते माझ्याशी बोलेनात. जेवणाचं ताट मी ठेवायचे, ते जेवायचे, उठायचे. तात्यांनी तर आमच्या अंगणातून जाणंच सोडलं. शेवटी एका सकाळी ट्रॅक्टर सुरू करून, त्याच्या धडधडीत मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात अप्पा म्हणाले, "फुडल्या शिक्षनाचं काय असतंय ते कवा करायचं?"

मी नुसती मान हलवली नाही. ओरडून म्हणाले, "जूनमध्ये, अप्पा!"

पुढं एका भेटीत मी सरांना सरळ विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं का? माझ्या मनात काय आहे ते?"

"मला? कसं माहीत असणार? आपण सांगितलं नव्हतं." सरांनी चष्मा पुसला. "मी फक्त विचारलं." तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "आपण खोटं बोलणं थांबवणार का?" आणि सरांचा डावा कान लाल झाला.

मी आता लोहाऱ्याला शिकवते. हजेरी घेते. पोरं हात वर करतात तेव्हा मी काय म्हणते ते सांगायला नको.

गेल्या वर्षी माझी बैठक झाली. मुलगा माझ्याच शाळेतला शिक्षक, आमचं आम्ही ठरवलेलं. त्यामुळं खरं तर विचारायचं काही उरलेलंच नव्हतं. सर आता रिटायर आहेत. टाय ढिला होतो, कारण मान बारीक झाली आहे. पण आले होते. बूट दाराशी एका रेषेत होते. तात्याही आले होते. बोलणी झाली. तात्यांच्या हातात तोच अडकित्ता. त्यांनी सुपारी धरली आणि थांबले. सरांकडं एक तिरका कटाक्ष टाकून म्हणाले, "अप्पा, ती फॉर्मॅलिटी राहिली की रं."

अप्पा उठले. सदऱ्याचं गळ्याचं बटण त्यांनी लावलं. मला बाहेर बोलावलं गेलं, मी बसले. अप्पांनी घसा साफ केला आणि सुरू केलं, "कुमारी..." माझं नाव घेतलं आणि तिथंच अडले. पुढं त्यांचं स्वतःचं नाव होतं. ते स्वतःच्या तोंडानं कधी घेतलेलं नव्हतं. त्यांनी सरांकडं बघितलं. सर सतरंजीची किनार बघत बसले होते.

मग अप्पांनी ते घेतलं. हळू, एकेक अक्षर धुऊन पुसून, अगदी सर घ्यायचे तसं. मग आडनाव. मग म्हणाले, "आपल्याला ही सोयरीक मान्य हाय का?"

अप्पा मला 'आपल्याला' म्हणाले. काय बोलायचं ते सगळं ठाऊक असूनही मान आपसूक खाली गेली. दारातून मावशी लगेच म्हणाली, "लाजली, लाजली! झालं!"

"न्हाय," अप्पा म्हणाले. "गप बसल्याली हजेरी लागत न्हाय आमच्यात."

कोपऱ्यात सरांनी टायची गाठ सारखी केली. मी उठून उभी राहिले.